देहाचा प्राकार आणि आतला पहारा



देवळाच्या पायरीशी वहाणा काढाव्यात, तळीच्या पाण्याने पाय धुवावेत आणि मग महाद्वारातून आत शिरावे, हा आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेला परिपाठ आहे. प्राकाराची भिंत ओलांडली की बाहेरचे जग बाहेर राहते. परंतु देवस्थानाचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हेही ठाऊक असते की, नुसत्या भिंतीच्या भरवशावर देवस्थान सुरक्षित राहत नाही. पावसाळ्यात भिंतीला कोठेतरी खिंडार पडते, कौले सरकतात, एखादी खिडकी उघडी राहून जाते. अशा वेळी आत कोणीतरी जागे असावे लागते, आणि वावगे काही दिसले की घंटा वाजवून त्याने गावाला उठवावे लागते. मनुष्यदेहाची व्यवस्थाही ह्याच धाटणीची आहे. त्वचा हा देहाचा प्राकार. आणि रक्तातून अहोरात्र फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी हा आतला पहारा. प्राकाराला खिंडार पडणे ही नित्याची गोष्ट होय. पण पहारेकरीच थकलेला, गुंगीत असलेला किंवा संख्येने अपुरा असेल, तर काय घडते, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे निजावयाच्या एका चटईएवढे भरते. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, कोरडा आणि किंचित आम्लधर्मी असतो. अशा भूमीवर बहुतेक रोगजंतूंना पाय रोवता येत नाहीत. शिवाय तेथे निरुपद्रवी जंतूंची पिढीजात वसाहत असते आणि ती आगंतुकाला सहसा जागा देत नाही. तथापि दाढी करताना लागलेला वस्तरा, मासळी साफ करताना बोटात घुसलेला काटा, टाचेची भेग, नखुरडे, खाजवून काढलेला ओरखडा, एवढेही जंतूंना पुरते. सन १८८० मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनी गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षाच्या घोसासारखे जंतूंचे पुंजके दिसले. त्या जंतूला पुढे त्यांनीच स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. मण्यांच्या माळेसारखा दिसणारा त्याचा जोडीदार म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. गळू, केसतूड, काळपुळी ही बहुधा पहिल्याची करणी. आणि धावरे, म्हणजे ती झपाट्याने पसरणारी लालबुंद सूज, ही बहुधा दुसऱ्याची. धडधाकट माणसाच्या त्वचेचे बहुतेक जंतुसंसर्ग ह्या दोघांतच आटोपतात.

जंतू आत शिरले की काही तासांच्या आत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, द्रव पाझरतो. लाली, उष्णता, सूज आणि वेदना अशी ह्या झटापटीची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. पुष्कळांची समजूत अशी की ही लक्षणे जंतू उत्पन्न करतात. वस्तुतः त्यांचा मोठा वाटा देहाच्या पहारेकऱ्यांचा असतो. पू म्हणजे तरी दुसरे काय? झुंजून मेलेल्या ह्याच पेशींची ती रास होय. ह्यावरून जो निष्कर्ष निघतो त्यातच ह्या विषयाचे मर्म आहे. पहारा दुबळा असेल तर रोग मोठा असूनही लक्षण लहान दिसते. लाली फिकी, सूज थोडी, पू जवळजवळ नाही, ताप नाममात्र, आणि घरची माणसे म्हणतात, "पू कोठे झाला आहे? बसेल आपोआप." जखमेचा आकार पाहून रोगाचे माप घेण्याची आपली सवय अशा वेळी घात करते. जखम केवढी आहे ह्याच्या आधी ती कोणाच्या अंगावर आहे, हे विचारावे लागते.

असे दुबळ्या पहाऱ्याचे लोक कोण? मधुमेही, कर्करोगावर रसायनोपचार घेणारे, दमा, संधिवात किंवा तत्सम विकारांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आजन्म घेणारे, यकृत कठीण झालेले, विशेषतः मद्यपानाने, डायालिसिसवर असलेले, एचआयव्हीची बाधा होऊनही उपचार न घेणारे, आणि अतिवृद्ध. ही यादी लांबलचक वाटते खरी, पण आपल्या भागात तिच्यातील पहिले नावच इतके मोठे आहे की बाकीची सारी त्याच्या सावलीत बसतात.

मधुमेह आणि त्वचेचे पुवाळणारे रोग ह्यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चरकसंहितेत प्रमेहाच्या उपद्रवांत सात पिडकांचे वर्णन येते, सुश्रुतसंहितेत ही संख्या दहा आहे. मातीच्या परळासारखी मध्ये खोलगट ती शराविका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका, बारीक जाळे पसरावे तशी ती जालिनी. नावे काव्यमय आहेत. निरीक्षण मात्र रोग्याच्या उशाशी बसून केलेले आहे. इन्शुलिनचा उपचार १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे प्रथम झाला. त्यापूर्वी पाठीवरची काळपुळी हे अनेक मधुमेह्यांच्या मृत्यूचे कारण ठरत असे. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की न्यूट्रोफिल पेशींची चाल मंदावते आणि जंतूला गिळून मारण्याची त्यांची शक्ती घटते. म्हणजे पहारेकरी हजर असतो, पण पेंगत असतो. ही साखर आटोक्यात आली की तो बराचसा शुद्धीवर येतो, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. म्हणूनच गंभीर संसर्गाच्या काळात, एरव्ही गोळ्यांवर असलेल्या रोग्यालासुद्धा डॉक्टर काही दिवस इन्शुलिन देतात. "एकदा सुई लागली की सुटत नाही" असे म्हणून ते नाकारणारे लोक अजूनही आढळतात. त्यांच्या नकाराची किंमत पुष्कळदा पाय मोजतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्ती त्या पाहणीत तपासल्या होत्या. देशात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत ते अधिक होते गोव्यात, २६.४ टक्के. उत्सवाच्या पंगतीला बसलेल्या चार प्रौढांमागे एक, असा ह्याचा सरळ अर्थ. पंगतीतल्या त्या चौथ्या माणसाला आपल्या पायाची चौकशी रोज करावी लागते, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

पायाचीच का? कारण मधुमेहात पहाऱ्याबरोबर घंटाही बंद पडते. पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन स्पर्श आणि वेदना हळूहळू नाहीशा होतात. वेदना नसणे ही केवढी आपत्ती आहे हे वैद्यकाला शिकविणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड ह्यांचे नाव अग्रगण्य होय. मिशनरी दांपत्याच्या पोटी १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर त्यांचा जन्म झाला, आणि १९४६ पासून वेल्लोर येथे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात बोटे झडतात, असा त्या वेळचा समज होता. ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की बोटे झडत नाहीत; वेदना नसल्यामुळे भाजलेल्या, चिरलेल्या, घासलेल्या बोटाची रोगी काळजीच घेत नाही, आणि जंतुसंसर्गाने ते बोट थोडे थोडे नाहीसे होते. रात्री उंदीर निद्रिस्त रोग्यांची बोटे कुरतडून जात आणि रोग्याला सकाळपर्यंत पत्ता नसे. हे कळल्यावर दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याची प्रथा तेथे पडली. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि गुणकारी उपाय क्वचितच सापडेल. पुढे १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोगी रुग्णालयात गेले. मधुमेह्यांच्या पायांवरच्या जखमा त्यांनी पाहिल्या आणि त्या वेल्लोरच्या जखमांसारख्याच आहेत हे ओळखले. तेव्हापासून कुष्ठरोगासाठी तयार झालेल्या मऊ रबराच्या चपला आणि प्लास्टरची पद्धत मधुमेह्यांच्या पायांना लाभली.

आता आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करू. आषाढ-श्रावणात पाय दिवसभर ओले राहतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलवटते, तिला आपण चिखल्या म्हणतो आणि हसण्यावारी नेतो. चिखल्या बहुधा बुरशीमुळे होतात आणि स्वतः घातक नसतात. परंतु पायाच्या धावऱ्याचे जंतू ज्या दारांनी आत येतात त्यांत बोटांच्या ह्या बेचक्या प्रमुख आहेत. ज्यांचे पाय मुळातच सुजलेले असतात, हत्तीपायाचे रोगी असोत की शिरा फुगलेले, त्यांना हे धावरे पुनःपुन्हा येते, आणि प्रत्येक खेपेला पायाची सूज थोडी वाढवून जाते. त्यावरचा प्रतिबंध अगदी घरगुती आहे : पाय धुतल्यावर बेचक्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने कोरड्या करणे आणि बुरशीवर मलम लावणे. एवढ्याने टळणारे संकट टळले नाही, तर मात्र लाल भागाच्या कडेने शाईची रेघ ओढून ठेवावी आणि वेळ लिहावी. दोन-चार तासांत लाली रेघेबाहेर गेली तर रात्र असो की उत्सवाचा दिवस, रुग्णालय गाठावे.

कारण त्या लालीच्या खाली कधी कधी निराळेच काही चाललेले असते. अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रँक मेलेनी ह्यांनी १९२४ मध्ये, चीनमधील पेकिंग येथे पाहिलेल्या २० रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्वचेच्या खाली स्नायूंना वेढणारे जे आवरण असते त्या थरातून जंतू वणव्यासारखे धावत जातात, वरची त्वचा मात्र प्रारंभी बरीच निरोगी दिसते. वाळवी लागलेल्या तुळईसारखाच हा प्रकार : रंग शाबूत, आत पोकळ. ह्याची पहिली खूण म्हणजे दिसणाऱ्या जखमेच्या मानाने अतोनात वेदना. नंतर फोड, काळसर-जांभळी छटा, आणि शेवटी त्या जागेची बधिरता. येथेच मधुमेह्याची फसगत होते, कारण ज्याचा पाय आधीच बधिर आहे त्याला ती पहिली खूण मिळत नाही. गुप्तांगाभोवतीचा असाच विकार पॅरिसचे डॉ. फूर्निए ह्यांनी १८८३ मध्ये वर्णिला. त्यांचे रोगी निरोगी तरुण होते. आज त्या विकाराने ग्रस्त होणाऱ्यांत मधुमेहीच फार असतात, आणि लज्जेमुळे सांगण्यास विलंब लावणारेही.

ह्या विकारात केवळ औषधांनी भागत नाही. सडलेला सर्व भाग कापून काढावा लागतो, आणि तोही तासांच्या हिशेबाने. नातेवाइकांपुढे संमतीचा कागद येतो तेव्हा त्यांना रोग्याच्या पायावर हातभर लाली आणि दोन फोड एवढेच दिसत असते, आणि शल्यचिकित्सक तर गुडघ्यापर्यंतची कातडी उघडण्याची भाषा करीत असतो. "थोरला भाऊ उद्या येतो आहे, त्याला विचारून सांगतो," हे उत्तर आपल्या कुटुंबपद्धतीला धरून आहे, त्यात वडीलधाऱ्यांचा मान आहे. पण थोरला भाऊ येईपर्यंत रोग थांबत नाही. दूरध्वनीवर विचारावे आणि सही करावी, हे बरे.

पहारा पेंगणे ही एक गोष्ट. पहारेकरीच नसणे ही दुसरी. रक्तातील न्यूट्रोफिलांची संख्या दर घन मिलिमीटरला साधारणतः दीड हजारांच्या वर असते. रक्ताच्या कर्करोगात, किंवा रसायनोपचारानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी, ती ५०० च्या खाली येते. अशा रोग्याच्या काखेत, जांघेत किंवा कोठेही एक लहानसा लाल ठिपका उठतो. त्याचा फोड होतो. आणि दिवसभरात मध्यभागी काळी खपली धरते, भोवती लाल कडे. हा बहुधा स्यूडोमोनस नावाच्या जंतूचा प्रताप. येथे जंतू पुष्कळदा बाहेरून त्वचेत गेलेला नसतो. तो आधी रक्तात पोहोचलेला असतो आणि रक्तातून त्वचेवर उमटतो. पैशाएवढी ती काळी खपली म्हणजे आतल्या आगीचा छपरातून निघालेला धूर होय. तिच्याखाली पू शोधू नये, कारण पू करणारेच शिल्लक नसतात. रसायनोपचार चालू असलेल्या रोग्याला ३८ अंश सेल्सियसचा ताप तासभर राहिला, तर दुखणे कोठे आहे हे कळण्याची वाट न पाहता प्रतिजैविक शिरेतून सुरू करावे लागते, आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून ते तासाभरात सुरू व्हावे अशी आज अपेक्षा असते.

स्यूडोमोनस हा पाण्याचा आणि ओलाव्याचा रहिवासी आहे. ताज्या फुलांच्या फुलदाणीतील पाण्यात तो हटकून सापडतो. म्हणून अशा रोग्यांच्या खोलीत रुग्णालये फुले आणू देत नाहीत. देवाच्या प्रसादाचे फूल दारातच अडविल्यामुळे भाविकांचे मन दुखावते. परंतु त्यात अश्रद्धेचा लवलेश नसतो. अंगारा बाहेरच्या बाहेर कपाळी लावून नातलगाने आत जावे, फूल घरच्या देव्हाऱ्यात ठेवावे.

स्टेरॉइडची गोष्ट जरा वेगळी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या एका रुग्णेला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच ह्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हे औषध आजही असंख्यांना जीवदान देते. पण ते सूज आणि ताप दोन्ही दडपते, म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडावर हात ठेवते. अशा माणसाच्या पायावर धावरे आले तरी ते निरुपद्रवी पुरळासारखे भासते. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत स्टेरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह एकत्र आल्यावर काय अनर्थ होतो हे देशाने काळ्या बुरशीच्या रूपाने पाहिले. तो जंतू नव्हे, बुरशी, पण खिंडार तेच. ह्यावरून कोणी आपल्या मनाने स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. तसे करणे जिवावर बेतू शकते. आक्षेप आहे तो चिठ्ठीवाचून फार्मसीतून आणलेल्या, आणि खाज, नायटा, गळू अशा कशावरही चोळल्या जाणाऱ्या मिश्र मलमांना. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. लाली जाते, रोग राहतो.

आतापर्यंत उल्लेखिलेले जंतू घरीदारी भेटणारे आहेत. आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात आणखी दोघांची ओळख आवश्यक आहे. एक मातीतला, दुसरा खाऱ्या पाण्यातला. सन १९११ मध्ये रंगून येथील रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी ह्यांना शवविच्छेदनात एक अपरिचित विकार आढळला : फुप्फुसांत, यकृतात, त्वचेखाली सर्वत्र गळवे. ह्या दोघांनी पुढच्याच वर्षी ३८ रोग्यांची हकीकत इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये छापली. त्यांतले बरेच रोगी मॉर्फीन टोचून घेणारे, हलाखीत जगणारे होते. हाच तो मेलिऑयडोसिस. ह्याचा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलातून पायाच्या भेगांवाटे, किंवा वादळी पावसात श्वासावाटे, शरीरात शिरतो. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया ही त्याची माहीत असलेली माहेरघरे. परंतु आपल्या शेजारी, उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीवर, तो वर्षानुवर्षे नोंदला जात आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरसाल सुमारे १,६५,००० लोकांना तो होतो आणि ८९,००० दगावतात. निम्म्याहून अधिक रोगी मधुमेही असतात.

मेलिऑयडोसिस नाना रूपे घेतो. कधी पायावर महिनोन्महिने न भरणारे क्षत, कधी मानेत गाठ, कधी क्षयासारखा खोकला. क्षयाचे औषध महिनोगणती चालते आणि गुण येत नाही, मग कोणीतरी पू प्रयोगशाळेत पाठवितो. तेथेही जाणकार डोळा नसेल तर त्याची गणना स्यूडोमोनसमध्ये होऊन जाते. पेनिसिलिन आणि जेंटामायसिन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. शिरेतून किमान १० ते १४ दिवस सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, आणि त्यानंतर ३ ते ६ महिने को-ट्रायमॉक्साझोल असा त्याचा लांबचा उपचार आहे. गळू बसले, ताप उतरला, की दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्या अर्ध्यावर सोडण्याचा मोह होतो, आणि रोग उलटतो. भरडात, मरडात, शेतात उतरणाऱ्या मधुमेह्याने रबरी बूट घालावेत, हा सल्ला ऐकून कुळवाडी हसतो हे खरे. चिखलात बूट रुततात. तरीही ज्याच्या पायाला उघडी जखम आहे त्याने निदान त्या आठवड्यात लावणीला उतरू नये, एवढे तर पाळता येण्याजोगे आहे.

दुसरा जंतू व्हिब्रियो व्हल्निफिकस. हा पटकीच्या जंतूचा भाऊबंद, आणि उबदार, निमखाऱ्या पाण्यात राहणारा. यकृत कठीण झालेल्या माणसाने कच्ची कालवे खाल्ली, किंवा पायाची जखम घेऊन तो खाडीत उतरला, तर एक-दोन दिवसांत पायांवर रक्ताळलेले मोठे फोड उठतात. पाचांपैकी एकाच्या जवळपास रोगी वाचत नाहीत, आणि यकृताचा विकार असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. आपल्याकडे तिसऱ्या, शिनाण्या, कालवे शिजवूनच खातात, ही आपल्या स्वयंपाकघरांची पुण्याई. मात्र कालवे फोडताना आणि मासळी साफ करताना बोटाला होणारी इजा स्वयंपाकघर टाळू शकत नाही. ज्या घरात यकृताचा रोगी आहे तेथे हे काम दुसऱ्या कोणी करावे, आणि ज्याला काटा लागला त्याने तो भाग साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावा. हळद नंतर.

हळदीवरून घरगुती उपायांकडे वळणे ओघाने आले. त्यांची सरसकट टवाळी करणे योग्य नव्हे. धडधाकट माणसाचे केसतूड शेकाने पिकते आणि फुटते, हा पिढ्यांचा अनुभव आहे. पण तोच गरम पोटिसाचा शेक बधिर पायाला दिला तर कातडी भाजते आणि रोग्याला कळत नाही. कुरूप ब्लेडने कापणे हा आणखी एक घरचाच उद्योग. चुना, तंबाखू, शेणाची राख ह्यांविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही; ती जखमेत घालू नयेत.

आधुनिक औषधांच्या बाबतीत आपण कमी निष्काळजी आहोत असे नाही. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकससाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आले, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणारा जंतू नोंदला गेला. आज तो सर्वत्र आहे. शेजाऱ्याच्या उरलेल्या कॅप्सूल दोन दिवस घेऊन मग डॉक्टरकडे गेलेल्या रोग्याच्या पुवातून जंतू उगवत नाही, आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगण्याचे साधन हातचे जाते. धडधाकट माणसाचे धावरे अंदाजाने दिलेल्या औषधाने बरे होते. दुबळ्या पहाऱ्याच्या माणसाला कोणताही जंतू ग्रासू शकतो. म्हणून शक्य तेव्हा प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी रक्त आणि पू तपासणीस गेले पाहिजे, मात्र त्यासाठी औषधाला विलंब न होता.

राहिला देवळाचा प्रश्न. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून चालतात ती त्यांच्या व्रताची बाब आहे, तिच्याविषयी येथे बोलावयाचे नाही. बोलावयाचे आहे ते चैत्र-वैशाखात दुपारी बाराच्या उन्हात तापलेल्या प्राकाराच्या फरशीविषयी. निरोगी माणूस त्या फरशीवरून भराभर पावले उचलतो. बधिर पायांचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो, आणि अग्रशाळेत येऊन जेवायला बसतो. तळव्याला आलेले फोड त्याला रात्री चादरीला लागलेल्या डागावरून कळतात. असे भाजलेले तळवे घेऊन तीर्थयात्रेहून परतणारे मधुमेही देशभरच्या दवाखान्यांना परिचित आहेत. अशांनी सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला दर्शनास यावे. सुती पायमोजे घालून आत जाण्यास बहुतेक ठिकाणी हरकत घेतली जात नाही. महाजनांनी फरशीवर काथ्याची पायवाट अंथरून तिच्यावर पाणी मारण्याची व्यवस्था केली तर म्हातारीकोतारी दुवा देतील. तळीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेथे जखमी पायाने उतरू नये. तांब्याने घेतलेले पाणी पावलांवर ओतले तरी शुचिर्भूतता होते.

घरी परतल्यावर, उजेडात बसून, दोन्ही तळवे पाहावेत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, आणि दृष्टी अधू असेल तर नातवाला किंवा सुनेला पाहण्यास सांगावे. सासऱ्याने सुनेपुढे पाय कसा करावा, हा संकोच पुष्कळ घरांत आहे. तेथे नातू बरा. त्याला सांगावे की बेचक्यांत बोट घालून पाहा, टाचेच्या भेगेत लाल काही दिसते का पाहा, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा ऊन लागतो का ते हाताच्या मागच्या बाजूने पाहा. मुलांना हे काम आवडते, आणि ती ते मोठ्यांपेक्षा काळजीपूर्वक करतात.